वल्हं हाती घेण्याआधी

पाऊस सरून पाणी निवळलं की आपल्याकडे कयाक आणि पॅडलबोर्डचे दिवस सुरू होतात. देवबाग-तारकर्लीला कर्ली नदीच्या खाडीत, पवना आणि मुळशीच्या जलाशयांवर, भंडारदऱ्याला, गोव्यात साळ नदीच्या पात्रात, जिथे पूर्वी लोक मोटारबोटीची एक फेरी मारून परतायचे, तिथे आता ते स्वतः वल्हं मारताना दिसतात. कॉलेजातली मुलं असतात, सुट्टीवर आलेली कुटुंबं असतात, साठी ओलांडलेले आजी-आजोबाही असतात. मला याचा मनापासून आनंद होतो. पाण्याला काठावरूनच नमस्कार करणारी माणसं पाण्यात उतरू लागली, ही चांगलीच गोष्ट झाली.

पण एक फरक त्यांच्या ध्यानात आलेला नसतो. मोटारबोटीत बसलं की सगळी काळजी नाखवा वाहतो. भरती कधी, वारा कुठला, खडक कुठे, गाळ कुठे, हे त्याच्या डोक्यात असतं आणि आपण निवांत फोटो काढतो. कयाकमध्ये बसलात की नाखवा तुम्हीच. म्हणून माझी पहिली विनंती ही, की वल्हं मारायला शिकण्याआधी पडायला शिका आणि पडल्यावर परत चढायला शिका. खोल पाण्यातून कुणाच्या मदतीशिवाय आपल्या बोर्डवर किंवा कयाकवर चढता येत नाही, तोवर किनाऱ्यापासून लांब जाऊ नका. बाकी सगळं त्यानंतर.

हे शिकायला एक सकाळ पुरते. छातीएवढं, संथ, स्वच्छ पाणी निवडा. जॅकेट घाला, सोबत जाणकार घ्या आणि मुद्दाम पडा. भाड्याने मिळतात त्या कयाक बहुतेक वर बसायच्या असतात. त्या उलटल्या तरी त्यात पाणी भरत नाही. पालथी झाली असेल तर पलीकडची कड धरून ती आपल्याकडे ओढून सुलटी करायची. मग कयाकच्या मध्यावर, बाजूने, दोन्ही हात टेकवायचे. इथेच नवखा माणूस चुकतो. तो हातांच्या जोरावर सरळ उभं वर यायला बघतो, पाय कयाकखाली जातात, दोन-तीनदा धडपडून दम संपतो. आधी पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागाशी आणायचे, पोहताना मारतो तसे जोरात मारायचे आणि अंग आडवं ठेवून पोटावर कयाकवर सरकायचं. पोट आत आलं की कूस वळून बूड बसकणीत टेकायचं आणि सगळ्यात शेवटी पाय आत घ्यायचे. पोट, बूड, पाय, हा क्रम. पॅडलबोर्डलाही हेच, तिथे मधली मूठ धरून पोटावर यायचं, मग गुडघ्यांवर. घाईने उभं राहायचं नाही.

आत बसायची कयाक वेगळी. ती उलटली की पाण्याने भरते आणि जड होते. तिच्यासाठी पाणी उपसायचा पंप लागतो आणि सोबतीच्या कयाकवाल्याने तुमची कयाक आपल्या कयाकवर आडवी ओढून, पालथी करून, पाणी काढून द्यायचं तंत्र दोघांनाही यावं लागतं. ते प्रशिक्षकाकडूनच शिका. एकट्याने अशी कयाक घेऊन मोठ्या जलाशयावर जाणं मला मान्य नाही.

आता लाइफ जॅकेट. यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण इथे सगळ्यात जास्त हयगय होते. "मला पोहता येतं" हे वाक्य प्रत्येक गटात एक जण तरी म्हणतोच. गावच्या विहिरीत डबा बांधून पोहायला शिकलेला, पुढे पट्टीचा पोहणारा झालेला माणूस असतो तो. त्याचं कसब खरंच असतं. पण विहिरीला चार हातांवर काठ असतो. जलाशयाच्या मध्यावर काठ अर्धा किलोमीटर दूर असतो, वारा तोंडावर लाटा मारत असतो, अंगात जीनची पँट असते. पडताना कयाकची कड डोक्याला लागू शकते, पोटरीत गोळा येऊ शकतो, अचानक नाकातोंडात पाणी जाऊन श्वास अडकू शकतो. यातल्या एकाही प्रसंगात पोहण्याचं कसब कामाला येत नाही. जॅकेट येतं, पण अंगात असेल तरच. कयाकच्या मागच्या जाळीत अडकवलेलं जॅकेट पडल्यावर पाण्यात घालता येत नाही. एकदा स्विमिंग पुलात करून बघा, खात्री पटेल.

जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा लिहिलेला असतो. 50 न्यूटनचं जॅकेट ज्यांना पोहता येतं आणि मदत जवळ आहे अशांसाठी. त्यात हात मोकळे राहतात, म्हणून वल्हं मारणारे तेच वापरतात. पण शुद्ध हरपली तर ते माणसाला उताणं करीलच असं नाही. 100 न्यूटनचं आणि त्यावरचं जॅकेट तोंड पाण्याबाहेर राहील अशा बेताने केलेलं असतं. ज्यांना अजिबात पोहता येत नाही त्यांनी तेच मागावं, थोडं अवघडल्यासारखं वाटलं तरी. भाड्याचं जॅकेट हातात आलं की आधी नीट बघा. बकल लागतं का, पट्टा ओढला की सरकून परत ढिला होतो का, आतला फोम चुरगळून कडक झालाय का, शिवण उसवली आहे का. घातल्यावर सोबत्याला खांद्यांच्या पट्ट्या धरून वर उचलायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते ढिलं आहे किंवा मोठं आहे. पाण्यात ते याहून जास्त वर चढेल. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर मूल खालून निसटतं. मोठ्यांचं जॅकेट आवळून मुलाला घातलेलं मी अनेकदा बघते. तसं करू नका, त्या दिवशी मुलाला काठावर खेळू द्या. फुगवायच्या रबरी ट्यूब आणि दंडाला लावायचे फुगे ही खेळणी आहेत, संरक्षणाची साधनं नाहीत.

पॅडलबोर्डवाल्यांसाठी जॅकेटइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे लीश, बोर्डला आणि पायाला जोडणारी दोरी. तुम्ही पडता तेव्हा पायाच्या रेट्याने बोर्ड दूर जातो आणि हवा भरलेला हलका बोर्ड वाऱ्यावर इतक्या वेगाने पळतो, की चांगला पोहणाराही त्याला गाठू शकत नाही. संथ पाण्यात घोट्याला बांधलेली गुंडाळीची लीश उत्तम. वाहत्या नदीत मात्र घोट्याची लीश घात करते. ती एखाद्या फांदीत किंवा खुंटात अडकली, की पाण्याचा जोर तुम्हाला खाली दाबून धरतो आणि घोट्यापर्यंत हात पोचत नाही. वाहत्या पाण्यात कमरेला बांधायची, एका झटक्यात सुटणारी लीशच वापरावी. ती नसेल तर वाहत्या नदीवर बोर्ड नेऊ नये.

वल्ह्याबद्दल फार लिहीत नाही, ते पाण्यावर गेलात की शिकाल. पॅडलबोर्डचं वल्हं तुमच्या उंचीपेक्षा साधारण 15 ते 20 सेंटिमीटर लांब असावं आणि त्याच्या पात्याचा बाक पुढच्या बाजूला झुकलेला असावा. नवखे ते हमखास उलटं धरतात. कयाकमध्ये नुसत्या दंडांनी ओढू नका, कंबरेपासून धड वळवा. दंड अर्ध्या तासात भरून येतात, पाठ दोन तास साथ देते. आणि हवेचा बोर्ड भर उन्हात फुगवलेला ठेवू नका, आतली हवा तापून फुगते आणि शिवण सुटू शकते. काठावर आलात की तो सावलीत ओढा किंवा थोडी हवा सोडा.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पाण्याचं वेळापत्रक.

किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या माणसांकडे एक तोंडी हिशेब असतो. तिथीला पाऊणपट करायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण म्हणजे सहा. सकाळी सहाच्या सुमारास भरती आणि पुन्हा संध्याकाळी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराचे पाऊण म्हणजे सव्वाअकरा. मुंबईच्या आसपास हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो, लांब गेलात की फरक पडतो, म्हणून भरती-ओहोटीचं छापील किंवा मोबाइलवरचं कोष्टकही बघा. पण हिशेब पाठ करा, कारण तो तुम्हाला पाण्याच्या चालीचा अंदाज देतो. भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा मुंबईला पाणी पाच मीटरपर्यंत चढतं-उतरतं. मालवण-गोव्याकडे हा फरक दोनेक मीटरचा. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, पाण्याला ओढ कमी. नवख्यांनी भांगेचे दिवस निवडावेत.

भरती आणि ओहोटीमध्ये सहा तास असले तरी पाणी सारखंच उतरत नाही. पहिल्या तासात थोडं, मधल्या दोन तासांत निम्मं पाणी, शेवटच्या तासात पुन्हा थोडं. त्या मधल्या दोन तासांत खाडीच्या तोंडाशी जी ओढ असते, तिच्याविरुद्ध नवख्याचं वल्हं चालत नाही. नवखा ताशी चार किलोमीटरने गेला तरी पुष्कळ झालं, आणि अरुंद मुखाशी पाणी त्याहून वेगाने बाहेर पडू शकतं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे संगमाचं दृश्य फार सुंदर आहे, आणि म्हणूनच नवखे तिकडे खेचले जातात. ओहोटीला नदीचं पाणी बाहेर धावतं, समोरून समुद्राच्या लाटा येतात आणि वाळूच्या दांड्यावर दोघांची टक्कर होऊन पाणी उभं फुटतं. तिथून बाहेर ढकलला गेलेला बोर्ड परत आत आणणं कठीण. म्हणून खाडीत जाताना नियम साधा ठेवा: आधी पाण्याच्या विरुद्ध जा, दमलात की पाणीच तुम्हाला परत आणेल. चढत्या पाण्यात आत जाऊन फिरत्या पाण्याबरोबर परतणं हे त्याहून छान, पण वेळ चुकली तर खाजणातल्या चिखलात अडकायला होतं. गुडघाभर चिखलात कयाक ओढणं हा जीव काढणारा प्रकार आहे.

वाऱ्याचंही तसंच वेळापत्रक आहे. शाळेत आपण मतलई आणि खारे वारे शिकलो, ते इथे कामाला येतात. हिवाळ्यातल्या सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याजवळ पाणी काचेसारखं सपाट दिसतं, कारण मागच्या माडांनी आणि घरांनी वारा अडवलेला असतो. पॅडलबोर्डवर उभं राहिलेल्या माणसाचं अंगच शिडाचं काम करतं. तो न वल्हवता झरझर बाहेर जातो, त्याला वाटतं आपण छान चाललोय आणि वळल्यावर कळतं की परत येता येत नाही. मतलई वाऱ्यात समुद्रावर पॅडलबोर्ड नेऊ नका, पाणी कितीही शांत दिसो. आणि सापडलातच तर उभं राहू नका. गुडघ्यांवर बसा, तेवढ्याने भागत नसेल तर पोटावर झोपून हातांनी वल्हवा. काही झालं तरी बोर्ड सोडून पोहत निघू नका. बोर्ड तरंगतो, शोधणाऱ्याला लांबून दिसतो. पाण्यावरचं एकटं डोकं दिसत नाही.

दुपारी खारा वारा सुटतो तेव्हा लाटा वाढतात. जलाशयांवरही दुपारनंतर डोंगरांच्या खिंडीतून वारा येतो. एप्रिल-मे महिन्यात घाटाकडे वळवाचे ढग दुपारी तीन-चारनंतर उठतात, विजा चमकतात, आणि उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. गडगडाट ऐकू आला की काठ गाठा, थेंब पडायची वाट बघू नका. थोडक्यात, मतलई नसेल तर आपल्या हवेत वल्हवायचे तास सकाळचे. उन्हाचा तडाखाही चुकतो. माणशी दोन लिटर पाणी, लांब बाह्यांचा पातळ शर्ट, बांधता येणारी टोपी एवढं घेतलंत तर डोकं दुखणार नाही.

नद्यांबद्दल मी जास्त कडक आहे. कोलाडची कुंडलिका मुळशीच्या पाण्यावर चालते. ते पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सोडलं जातं आणि कोरडं दिसणारं पात्र बघता बघता धावू लागतं. भोंगा ऐकून खडकावर फोटो काढत उभं राहणारी माणसं बघून काळजाचा ठोका चुकतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. वाहत्या पाण्यात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडांत अडकला तर पाणी तुम्हाला वाकवून खाली दाबतं. उताणे व्हा, पाय पुढे, बोटं पाण्यावर, आणि संथ पाण्याकडे तिरकं सरका. आणि बंधारे! केटी वेअर म्हणजे कोल्हापुरी बंधारा, दगडी सांडवा, काहीही असो, वरच्या बाजूने तो पाण्यावरच्या एका आडव्या रेघेसारखा दिसतो, पाण्याचा आवाज ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. खाली पडलेलं पाणी स्वतःभोवती गोल फिरतं आणि त्यात सापडलेल्याला जॅकेट असूनही बाहेर पडू देत नाही. कुठल्याही नदीवर जाण्याआधी गावात विचारा, पुढे बंधारा कुठे आहे. त्याच्या बऱ्याच आधी काठाला लागा आणि कयाक उचलून पलीकडे न्या.

गावात विचारण्याची सवय फक्त बंधाऱ्यापुरती ठेवू नका. चिपळूणजवळची वाशिष्ठी, महाडची सावित्री, सांगलीची कृष्णा, गोव्यातला कुंभारजुव्याचा कालवा, या पाण्यात मगरी आहेत, आणि कुठल्या वळणावर त्या ऊन खात पडतात हे तिथल्या माणसालाच ठाऊक असतं. कोळ्यांची डोल जाळी कुठे लावली आहेत, हेही तोच सांगेल. ओहोटीत त्या खुंटांवर आणि दोरांवर कयाक आपटली तर तुम्ही अडकाल आणि त्याचं जाळं फाटेल. खाडीच्या खडकांवर कालवं असतात, अनवाणी पाय चिरला जातो, म्हणून पायात घट्ट बसणारी पादत्राणं हवीत. उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या, म्हणजे वाळूत दडलेला पाकट आधीच बाजूला होतो.

एक गोष्ट बोलायला नको वाटते, पण बोलते. पवनेच्या काठावर रात्री तंबूत राहून सकाळी पाण्यावर जाणाऱ्यांपैकी काही जण आदल्या रात्रीच्या दारूच्या अंमलात असतात. गोव्यातही तेच. दारू प्यायलेल्या माणसाचा तोल, अंदाज आणि श्वास, तिन्ही बिघडतात. असा मित्र तुमच्या गटात असेल तर त्याला कयाक देऊ नका. राग येईल त्याला, येऊ द्या.

कुणी बुडताना दिसलं तर उडी मारू नका. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, असे एकाच घरचे तिघं-चौघं जातात, या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. काठावरून वल्हं पुढे करा, दोर टाका, ओढणी किंवा साडी गाठ मारून फेका, रिकामा पाण्याचा डबा फेका, बोर्ड त्याच्याकडे ढकला. बुडणारा माणूस मिळेल ते घट्ट धरतो, ते तुमचा गळा असू नये. बाहेर काढलेल्याला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबणं या जुन्या पद्धती कृपा करून सोडा. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर 30 दाब, दोन श्वास, पुन्हा 30 दाब. हे वाचून येत नाही, एखाद्या दिवसाच्या वर्गात हाताने करून शिकावं लागतं. ज्या घरात कयाकची हौस आहे त्या घरातल्या दोघांना तरी ते आलंच पाहिजे. फोन जलरोधक पिशवीत गळ्यात ठेवा, सोबतच्या गाडीत नको. मदतीसाठी 112 कुठूनही, समुद्रावर तटरक्षक दलाचा 1554, सागरी पोलिसांचा 1093. जॅकेटला शिट्टी बांधलेली असू द्या. वाऱ्यात हाक विरते, शिट्टी पोचते. आणि निघण्याआधी काठावरच्या एका माणसाला सांगा, कुठे जातोय आणि किती वाजता परत येणार.

भाड्याने देणाऱ्याला प्रश्न विचारायला लाजू नका. सोबत येणारा मार्गदर्शक कुठे शिकला? गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे जीवरक्षणाचे आणि बोट चालवण्याचे अभ्यासक्रम होतात. असं काही शिक्षण घेतलेला माणूस तुम्हाला आनंदाने सांगेल. कुणी उलटलं तर काढायला बोट तयार आहे का? आज भरती किती वाजता आहे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जो चटकन देऊ शकत नाही, त्याच्याकडून कयाक घेऊ नका, पैसे भरले असले तरी.

जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिकी बोटींची मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर कोळी बांधव पुन्हा समुद्रात उतरतात. त्यांची हयात पाण्यावर गेलेली असते, तरी ते थांबतात. पावसाळ्यात तुम्हीही थांबा आणि ते महिने स्विमिंग पुलात पोहण्यासाठी, चढण्याच्या सरावासाठी, प्राथमिक उपचारांच्या वर्गासाठी वापरा. दिवाळीत नवा बोर्ड घ्यायचा विचार असेल तर त्या पैशांतून आधी स्वतःच्या मापाचं चांगलं जॅकेट विकत घ्या. बोर्ड पुढच्या वर्षीही मिळेल.